ब्रास बँडसाठी पान लिहायचं कसं? काळी-पांढरीच्या हिशोबाने

मी लिहिलेलं पहिलं पान आमच्या मास्तरांनी हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हाई पान शे का कुपाटी?"

पानाच्या सुरुवातीलाच सहा शार्प होते. शार्पची खूण म्हणजे दोन उभ्या आणि दोन आडव्या काड्या. अशा सहा खुणा ओळीने उभ्या राहिल्या की शेताच्या बांधावर काटेरी कुपाटी घातल्यासारखंच दिसतं. रेकॉर्डवर गाणं ज्या पट्टीत होतं त्याच पट्टीत मी ते जसंच्या तसं उतरवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. पहिल्या ओळीत ट्रम्पेटवाल्याची बोटं अडकली, दुसरीत त्याने वाद्य खाली ठेवलं आणि तिसरी ओळ कोणी वाजवलीच नाही.

तेव्हापासून बरीच पानं लिहिली. खान्देशातले बँड बहुतेक सगळं पाठ करून वाजवतात हे खरं. पण पाठ करण्याआधी काहीतरी कागदावर असावं लागतं, आणि नव्या पोरांना शिकवायचं तर हमखास लागतं. हा लेख त्या लिहिणाऱ्यासाठी आहे. तुम्हाला पेटी किंवा कीबोर्डवर गाणं काढता येतं आणि पाच रेघांवरचे सूर हळूहळू का होईना वाचता येतात, एवढं मी धरून चालतो. एका वाजवणाऱ्याच्या कागदाला मी 'पान' म्हणेन आणि सगळ्यांचे सूर एकाखाली एक मांडलेल्या कागदाला 'मोठं पान'.

पायरी १: गाणं बाजूला ठेवा, माणसं मोजा

नवा माणूस गाण्यापासून सुरुवात करतो. तुम्ही तालमीच्या खोलीपासून करा. ट्रम्पेट किती, त्यातले वरचा जी न घाबरता काढणारे किती, क्लॅरिनेट आहे का, सॅक्सोफोन अल्टो आहे की टेनर, युफोनियम वाजवणारा सूर धरणारा आहे की नुसता गाल फुगवणारा, हे वहीत लिहून काढा. माझ्या वहीत वाद्यांच्या नावाआधी माणसांची नावं असतात. प्रत्येक नावापुढे त्याचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा भरवशाचा सूर लिहिलेला असतो. भरवशाचा म्हणजे वरातीच्या दुसऱ्या तासालाही निघणारा. तालमीत एकदा निघालेला सूर हिशोबात धरू नये.

बाहेरून छापील नोटेशन मागवायच्या विचारात असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्लंडमध्ये 'ब्रास बँड' म्हणजे ठरलेली मांडणी असते. कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन, मोठे बेस आणि तालवाद्यं अशी पंचवीस-तीस माणसं. त्यात क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोनही नाही. आपला लग्नाचा बँड म्हणजे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्स, युफोनियम, ढोल, साइड ड्रम आणि अलीकडे गाडीवर बेंजो नाहीतर कीबोर्ड. त्या छापील संचातली निम्मी पानं आपल्याकडे पडून राहतात आणि आपल्या निम्म्या माणसांना पान मिळत नाही. मागवायचंच तर 'फ्लेक्सिबल' मांडणीचं मागवा. त्यात चार-पाच आवाज असतात आणि प्रत्येक आवाजाचं पान वेगवेगळ्या वाद्यांसाठी लिहिलेलं मिळतं.

त्या इंग्रजी मांडणीतली एक युक्ती मात्र उचलावी. तिथे बेस ट्रॉम्बोन सोडला तर फुंकून वाजवायची सगळी वाद्यं एकाच ट्रेबल क्लेफवर वाचतात. त्यामुळे पानावर सी दिसला की कॉर्नेट असो नाहीतर भला मोठा बेस, तिन्ही कळा मोकळ्या. ट्रम्पेटवाल्याला आज युफोनियमवर बसवलं तरी त्याची बोटं तीच राहतात, आवाज फक्त खालच्या सप्तकात निघतो. लग्नसराईत ऐन वेळी माणूस गळतो तेव्हा याचा उपयोग कळतो. मी युफोनियमचं पान नेहमी ट्रेबल क्लेफवरच लिहितो.

पायरी २: वाद्याचा सी आणि पेटीचा सी

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

पेटीवर सीपासून पांढऱ्या पट्ट्या वेगळ्या आणि काळ्या वेगळ्या मोजतात, म्हणून पांढरी एक म्हणजे पेटीचा सी. ट्रम्पेटवाला पानावरचा सी वाजवतो तेव्हा पेटीवर त्याचा सूर पांढरी एकला जुळत नाही. तो जुळतो काळी पाचला, म्हणजे बी फ्लॅटला. म्हणून त्या वाद्याला बी फ्लॅट ट्रम्पेट म्हणतात. आपल्याकडचं नेहमीचं क्लॅरिनेटही बी फ्लॅट. युफोनियम ट्रेबल क्लेफवर लिहिलं तर तेही तसंच, फक्त एक सप्तक आणखी खाली. अल्टो सॅक्सोफोन मात्र ई फ्लॅट. त्याचा सी म्हणजे पेटीची काळी दोन. ज्याला पेटीवाला डी शार्प म्हणतो त्यालाच बँडवाला ई फ्लॅट म्हणतो. पट्टी एकच, नावं दोन. यावरून तालमीत भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

पुस्तकात हे 'मेजर सेकंड', 'मेजर सिक्स्थ' असं दिलेलं असतं. पेटीवर बोटं मोजून ते सोपं होतं:

ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम: जो सूर ऐकू यायला हवा त्याच्या दोन पट्ट्या वर लिहा. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजायच्या.

अल्टो सॅक्स: जो सूर ऐकू यायला हवा त्याच्या तीन पट्ट्या खाली जा, तिथे जो सूर येईल तो वरच्या सप्तकात लिहा.

पडताळून पाहू. गाण्याचा सा काळी दोन आहे. दोन पट्ट्या वर गेलात तर पांढरी तीन, मग पांढरी चार. म्हणजे ट्रम्पेटच्या पानावर सा होईल एफ. आता काळी दोनपासून तीन खाली या. पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक. सॅक्सच्या पानावर सा होईल सी. दोघांची पानं वेगळी दिसतील, आवाज एकच येईल. पहिल्यांदा हे घडताना ऐकलं की अंगावर काटा येतो. मला तरी आला होता.

कीबोर्डवाल्याची काळजी करू नका. त्याच्याकडे ट्रान्सपोजचं बटण असतं आणि त्यातले बरेच जण जन्मभर एकाच पट्टीत वाजवून बटणावर संसार करतात.

पायरी ३: पट्टी बदलण्याची लाज बाळगू नका

रेकॉर्डवरची पट्टी गायकाच्या गळ्यासाठी असते, नाहीतर गिटारवाल्याच्या सोयीसाठी. ती तुमच्या ओठांसाठी नसते. माझी ती 'कुपाटी' अशीच झाली होती. गाणं होतं पांढरी तीनमध्ये. दोन पट्ट्या वर म्हणजे काळी तीन, ट्रम्पेटला सहा शार्प. सॅक्सला तर सात. तेच गाणं अर्धा सूर खाली, काळी दोनला आणलं की ट्रम्पेटला एक फ्लॅट उरतो आणि सॅक्सचं पान कोरं करकरीत. ऐकणाऱ्यातल्या एकालाही अर्ध्या सुराचा फरक कळत नाही.

मी चार पट्ट्यांतच फिरतो. काळी पाच घेतली तर ट्रम्पेटला काहीच नाही आणि सॅक्सला एक शार्प. काळी दोनचं वर सांगितलंच. पांढरी चारमध्ये ट्रम्पेटला एक शार्प, सॅक्सला दोन. काळी चारमध्ये ट्रम्पेटला दोन फ्लॅट, सॅक्सला एक. पांढरी तीन आणि पांढरी सहा या दोन पट्ट्यांपासून नव्या बँडने चार हात लांब राहावं.

पण खुणा कमी एवढ्यावरच पट्टी ठरत नाही. सूर वाद्याच्या कुठल्या भागात पडतात ते बघायचं. एक साधी ओळ घेऊ, मीच जुळवलेली, दोन आवर्तनांची:

सा रे ग ग | प ग रे ऽ
ग रे सा रे | सा ऽ ऽ ऽ

काळी पाचमध्ये हिचा सा ट्रम्पेटला सी येतो. तो खालचा सी धरला तर ओळ खालीच घोटाळते आणि ढोलापुढे ऐकूच येत नाही. वरचा धरला तर प म्हणजे वरचा जी, पोराचे ओठ दहा मिनिटांत जातात. आता हीच ओळ काळी दोनमध्ये:

एफ जी ए ए | सी ए जी ऽ
ए जी एफ जी | एफ ऽ ऽ ऽ

बरोबर मधोमध बसली. कळाही सोप्या: एफला पहिली, जी मोकळा, एला पहिली-दुसरी, सी मोकळा. अल्टो सॅक्सच्या पानावर हीच ओळ सी डी ई ई | जी ई डी ऽ अशी येईल.

क्लॅरिनेटला ट्रम्पेटचंच पान चालेल, पण एक सप्तक वर लिहा. कारण दोन. एक, वरच्या सप्तकात क्लॅरिनेट गर्दीच्या डोक्यावरून ऐकू जातं. दुसरं जास्त महत्त्वाचं. क्लॅरिनेटच्या मधल्या ए-बी फ्लॅटवरून वरच्या बीकडे जाताना जवळजवळ सगळी बोटं एकदम बदलतात. त्याला 'ब्रेक' म्हणतात. नवा वाजवणारा तिथे हमखास किंचाळतो. आपली ओळ खालच्या सप्तकात लिहिली तर नेमकी त्या खिंडीतून ये-जा करते.

नव्या ट्रम्पेटवाल्यासाठी सुरांखाली कळांचे आकडे लिहा. सी मोकळा, डी १-३, ई १-२, एफ १, जी मोकळा, ए १-२, बी २, वरचा सी मोकळा. बी फ्लॅटला १, ई फ्लॅटला २-३, एफ शार्पला २. दोन महिन्यांनी हे आकडे पानावरून काढून टाका, नाहीतर पोरगा सूर वाचायला शिकतच नाही.

सरगम लिहायची की रेघा?

दोन्ही. रेघांवर सूर किती लांब ते नीट दिसतं. सरगम आपल्या माणसांना लवकर पाठ होते. भातखंडे पद्धतीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली टिंब आणि तारसाठी वर टिंब असतं. हे बहुतेकांना ओळखीचं असतं, नसेल त्याला पाच मिनिटांत कळतं. फक्त पानाच्या डोक्यावर एक गोष्ट लिहायला विसरू नका: 'सा' म्हणजे गाण्याचा सा की वाद्याचा मोकळा सी? दोन्ही तऱ्हेने वाचणारी माणसं भेटतात आणि एकाच बँडमध्ये दोन्ही भेटली तर तालमीचा दिवस फुकट जातो. मी सरळ 'सा = एफ' असं लिहितो.

पायरी ४: ताल

केरवा आठ मात्रांचा, तो चार-चारच्या मापात लिहिला की कोणालाही वाचता येतो. दादरा सहा मात्रांचा, आणि चूक होते ती इथे. पुष्कळ जण तो तीन-चारमध्ये लिहितात. सावकाश गाण्याला ते ठीक आहे. पण नाचाचं गाणं असलं, पोरं रंगात आली असली, तर पाय पडतो तीन-तीनच्या दोन गठ्ठ्यांवर. तो सहा-आठमध्येच लिहा. तीन-चारमध्ये लिहिलंत तर साइड ड्रमवाला प्रत्येक मात्रेला ठोका देऊन वरातीला कवायत करून टाकेल.

ढोल आणि ड्रमसाठी सूर लिहीत बसू नका. बोल लिहा आणि कुठे थांबायचं ते लिहा. तालवाल्याला पानातून हवी असते ती थांबण्याची जागा, बाकीचं त्याला तुमच्यापेक्षा चांगलं येतं.

पायरी ५: दुसरा सूर, जपून

सगळी वाद्यं एकाच चालीवर धावली तर आवाज मोठा होतो पण भरत नाही. म्हणून दुसऱ्या ट्रम्पेटला वेगळा सूर द्यायचा. पुस्तकात वाचून नवा माणूस मुख्य चालीच्या खाली तिसरा सूर धरून शेवटपर्यंत चालवतो. आपल्या चालींना ते झेपत नाही. वरची ओळ बघा. तिच्यात म नाही, नि नाही. रेच्या खालचा तिसरा सूर येतो नि. तो आत शिरला की गाणं परकं वाटायला लागतं. भजन असेल तर म्हातारी माणसं मागे वळून बघतात.

माझा नियम असा. चाल पळत असेल तेव्हा दोघेही एकच सूर वाजवा. चाल थांबेल तिथे, लांब सुरावर, फुटा. आणि फुटताना गाण्यात असलेलाच सूर घ्या. आपल्या ओळीत पहिल्या आवर्तनाच्या शेवटी रे थांबतो, तिथे दुसऱ्या ट्रम्पेटला खालचा प द्या. त्याच्या पानावर तो सी, मोकळा. शेवटच्या 'सा'ला पुन्हा तोच प. मध्ये 'ग'वर टेकायला वेळ मिळाला तर सा, 'प'वर टेकला तर ग. एवढ्याने ओळ भरून निघते.

युफोनियमला दोन कामं असतात. एक, पहिल्या मात्रेला सा आणि पाचवीला प अशी पायाभरणी. दुसरं, उत्तर देणं. ट्रम्पेट जिथे लांब सूर धरून श्वास घेणार, तिथे युफोनियमने चार सुरांचं उत्तर टाकायचं. मी स्वतः युफोनियमवाला, त्यामुळे माझा पक्षपात धरून चाला, पण लोक बँड आठवतात तो त्या उत्तरांमुळे.

पायरी ६: श्वास लिहा

सनईवाला गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवतो आणि शेजारी दुसरा नुसता सा धरून बसतो. ट्रम्पेटवाल्याकडून ती अपेक्षा करू नका. त्यातून तो चालतोय, समोर धूळ उडतेय, शेजारी जनरेटर धूर सोडतोय. पानावर दर दोन आवर्तनांनी स्वल्पविरामासारखी खूण करा आणि तिथे शेवटचा सूर अर्ध्या मात्रेने आखूड लिहा. खूण नुसती केली आणि सूर पूर्ण लिहिला तर तो सूरही धरतो, श्वासही घेतो आणि पुढच्या मात्रेला उशिरा पोहोचतो.

दोन ट्रम्पेट असतील तर दोघांच्या खुणा वेगवेगळ्या ठिकाणी करा. एक श्वास घेईल तेव्हा दुसरा सूर धरून राहील. गर्दीला वाटतं, यांना दमच लागत नाही.

फुप्फुसाआधी ओठ थकतात. म्हणून मुखडा ट्रम्पेटला, अंतरा क्लॅरिनेटला किंवा सॅक्सला, मधलं संगीत युफोनियमला असं वाटप मोठं पान लिहितानाच करा. वरचा जी एका गाण्यात दोनदा, फार तर तीनदा. नवरदेव मारुतीच्या पारावर उतरेपर्यंत ट्रम्पेटवाल्याच्या ओठात काहीतरी उरलं पाहिजे, कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त फर्माइशी करतात.

मींड आणि मुरकी? जवळजवळ काही लिहू नका. एका सुरातून दुसऱ्यात घसरायचं तिथे वाकडी रेघ, कण असेल तिथे बारीक सूर, बस. मुरकी चार बारीक सुरांत फोडून लिहिली की वाजवणारा ती गणितासारखी वाजवतो. ती गाणं ऐकून उचलायची. क्लॅरिनेटवाल्याला उचलू द्या, ट्रम्पेटला त्या जागी सरळ सूर ठेवा.

पायरी ७: कुठेही तुटेल असं गाणं

स्टेजवरचं गाणं किती वेळ चालणार ते ठरलेलं असतं. वरातीचं नसतं. गल्लीच्या तोंडाशी नाच रंगला तर मुखडा आठ वेळा होईल. मागून कोणी मामा 'चला, मुहूर्त टळतोय' म्हणत आला तर अंतऱ्याच्या मधोमध पुढे सरकावं लागेल. म्हणून गाण्याचे तुकडे करा, प्रत्येकाला चौकटीत अ, ब, क अशी अक्षरं द्या आणि प्रत्येक तुकडा 'सा'वर संपवा. 'दोनदा वाजवा' असं न लिहिता 'इशारा येईपर्यंत' असं लिहा. इशारा कोण देणार, हाताने की शिट्टीने, हेही तालमीत ठरवून पानावर लिहा. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना पट्टी बदलणार असेल तर मध्ये चार मात्रा नुसत्या ड्रमला द्या. तेवढ्यात फुंकणारे बोटं आणि डोकं दोन्ही बदलतात.

जोरात, हळू, इथे सगळे थांबा, या सूचना मराठीतच लिहा. इटालियन शब्द लिहून कोणावर छाप पडत नाही.

शाळेच्या बँडचं काम मिळालं तर एक जपा. राष्ट्रगीताची पूर्ण धून साधारण ५२ सेकंदांची असते आणि तिच्यात आपली हरकत, आपली सजावट घालायची नसते. दुसरा सूरही मी तिथे घालत नाही. पट्टी सोयीची निवडा, सगळ्यांना एकच चाल द्या, घड्याळ लावून तालीम घ्या.

संगणकावर

म्यूझस्कोअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरून उरतं. फिनाले नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरची विक्री आणि सुधारणा कंपनीने २०२४ मध्ये थांबवली, तेव्हा कोणी त्याची प्रत देऊ केली तरी आता त्यात शिरू नका. म्यूझस्कोअरमध्ये वाद्यं नीट निवडलीत तर दोन वर, तीन खाली हा हिशोब ते स्वतः करतं. पडद्याच्या तळाशी 'कॉन्सर्ट पिच' अशी खूण आहे. ती चालू असताना सगळे सूर जसे ऐकू येतात तसे दिसतात, बंद केली की वाजवणाऱ्याला दिसायला हवेत तसे. लिहिताना चालू ठेवा, छापण्याआधी न चुकता बंद करा. मी एकदा विसरलो आणि सॅक्सवाला पूर्ण गाणं वेगळ्याच पट्टीत वाजवत होता. त्याची चूक काढायला मला पाव तास लागला, ती माझीच निघाली.

पण आधी पाच-सहा गाणी हाताने लिहा, तो हिशोब बोटांत बसला पाहिजे. आणि संगणक वाजवून दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका. त्याला श्वास लागत नाही, त्याचे ओठ सुजत नाहीत, त्याचा वरचा जी कधी फुटत नाही.

कायद्याचं थोडं

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये एक तरतूद आहे. धार्मिक विधीत गाणं वाजवणं हा भंग धरला जात नाही, आणि त्या विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही येतात, असं तिथेच स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे वरातीत वाजवायला अडचण नाही. पण दुसऱ्याच्या चालीची मांडणी करणं हे त्याच कायद्यात 'रूपांतर' धरलेलं आहे. चाल अजून हक्कात असेल तर तुमचं पान छापून किंवा इंटरनेटवर विकायचं म्हटलं की परवानगी लागते. आपल्याकडे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गौराईची गाणी, श्रावणातल्या कानबाईची गाणी, ओव्या, अशा पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेल्या चालींवर हात बसवा. त्यांचं नोटेशन क्वचितच सापडतं. चाल मात्र आजीच्या तोंडून घ्या, कोणाच्या नव्या रेकॉर्डवरून नको. रेकॉर्डवरच्या मधल्या संगीतावर त्या संगीतकाराचा हक्क असू शकतो.

पायरी ८: तालीम आणि ऊन

नवं पान चातुर्मासात लिहावं. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, माणसं शेतात असली तरी संध्याकाळी सापडतात. मध्ये कानबाई, पोळा, गणपती येतात, तिथे एखादं गाणं वाजवून बघता येतं. तुळशीचं लग्न लागलं की मग पान बदलायला कोणाला वेळ नसतो.

पहिल्या तालमीला पान वाटण्याआधी गाणं ऐकवा. मग एकेका वाद्याला त्याची ओळ एकट्याने वाजवू द्या. मग ट्रम्पेट आणि युफोनियम जोडीने, सगळ्यात शेवटी ढोल. ढोल आधी आला की चुका ऐकूच येत नाहीत. हातात पेन्सिल ठेवा. वाजवणारा एकाच जागी तीनदा अडखळला तर त्याला चौथ्यांदा वाजवायला सांगू नका, ती जागा बदला. माझ्या सगळ्या पानांच्या दुसऱ्या प्रतीत पहिल्यापेक्षा कमी सूर आहेत.

आता उन्हाचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. हवा तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो, कागदावरचा हिशोब दर अंशाला साधारण ३ सेंट. एक अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. वाजवणाऱ्याच्या फुंकेने वाद्यातली हवा आधीच कोमट असते, त्यामुळे प्रत्यक्षात चढ कमी होतो, पण कानाला खुपण्याएवढा होतोच. गंमत अशी की बेंजोची तार तापून सैल पडते आणि तिचा सूर उतरतो. कीबोर्ड आपला जागच्या जागी. तिघे तीन दिशांना. म्हणून सकाळी खोलीत सूर जुळवून दुपारच्या वरातीला थेट उभं राहू नका. वाद्यं दहा मिनिटं बाहेर सावलीत ठेवा, थोडी फुंका आणि मग जुळवा. ट्रम्पेटची जुळवणीची नळी थोडी बाहेर ओढली की सूर उतरतो. क्लॅरिनेटचा मुखाखालचा तुकडा किंचित ओढला की तेच. मी पानाच्या कोपऱ्यात 'ऊन: नळी बाहेर' एवढंच लिहितो.

त्याच कोपऱ्यात गाण्याचं नाव, पट्टी पेटीच्या भाषेत, 'सा = ' पुढे वाद्याचा सूर, आणि प्रत कितवी ते असतं. वाद्याला चिमट्याने लावायचं असेल तर पान पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं ठेवा आणि सूर जाड काढा. चालताना बारीक सूर नाचतात. शाईच्या प्रिंटरवर छापलेलं पान घामाने एका लग्नात पुसून जातं, म्हणून झेरॉक्स काढून वाटा. मूळ प्रत घरी ठेवा. झेरॉक्स सीझनभरात कोणाच्या ना कोणाच्या खिशात धुतली जातेच.